मुंबईची हॉट सीट

समजा, उद्या सकाळी तुमच्या मेलबॉक्समध्ये एक जॉब ऑफर येऊन पडली. कंपनी देशातली एक नंबरची. ब्रँड असा, की नुसतं नाव घेतलं तरी समोरचा सावरून बसतो. टीममध्ये एकापेक्षा एक टॅलेंटेड पोरं. पगारही ठीकठाक. फक्त ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरांत एक अट : पहिला नंबर आणलात तर 'त्यात काय विशेष?' आणि दुसरा आणलात तर 'थँक यू, भेटू पुन्हा कधीतरी.' घ्याल हा जॉब?

हसू नका, हा जॉब खरोखर आहे आणि त्यासाठी चांगली चांगली माणसं अर्ज करतात. मुंबईच्या रणजी टीमचा मुख्य कोच! ४२ वेळा रणजी करंडक जिंकलेली टीम. दुसऱ्या नंबरवरचं कर्नाटक एकेरी आकड्यातच घुटमळतंय, म्हणजे अंतर केवढं ते बघा. आणि तरीही (किंवा म्हणूनच!) देशातल्या क्रिकेटमधली सगळ्यात गरम खुर्ची कुठली असेल तर ती ही.

गंमत अशी, की ज्या काळामुळे मुंबईचा एवढा दरारा झाला, त्या काळात ही खुर्ची अस्तित्वातच नव्हती. १९५८-५९ ते १९७२-७३. सलग १५ वर्षं मुंबई चॅम्पियन. कोच कोण? कुणीच नाही! टीमबरोबर मॅनेजर असायचा, तो तिकिटं आणि हॉटेलचं बघायचा. बाकी सगळं कॅप्टन आणि ड्रेसिंग रूममधले सीनियर. नवा पोरगा टीममध्ये आला की त्याने कोपऱ्यात गप्प बसायचं आणि कान उघडे ठेवायचे, एवढंच ट्रेनिंग. बाकीचं शिक्षण आधीच झालेलं असायचं. किटबॅग खांद्यावर टाकून गर्दीच्या लोकलमध्ये, भर पावसात कांगा लीगच्या चिकट विकेटवर आणि टाइम्स शील्डमधल्या ऑफिसांच्या मॅचेसमध्ये. तिथे निर्लॉन, टाटा, एसीसी, स्टेट बँक अशा टीममधून कसोटी खेळलेले गडी साध्या क्लार्कसारखे येऊन जीव तोडून खेळायचे. विकेट फेकायची नाही, समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, जिंकलो तरी फार खुश व्हायचं नाही. या सगळ्याला मुंबईत एकच शब्द आहे. खडूस! आपल्याकडे ती शिवी असते, तिकडे मात्र सर्टिफिकेट.

आता अशा टीमला कोच नेमणं म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरात शेफ नेमण्यासारखं. पण ऑफिसांनी क्रिकेटपटूंना नोकऱ्या देणं कमी केलं, सीनियर मंडळी वर्षभर भारतीय टीमबरोबर बाहेर राहायला लागली आणि ड्रेसिंग रूममध्ये शिकवायला कुणी उरेना. मग नव्वदच्या दशकात सगळीकडेच ही पोस्ट हळूहळू पक्की होत गेली. भारतीय टीमबरोबर अजित वाडेकर १९९२ मध्ये क्रिकेट मॅनेजर म्हणून आले, जॉन राइट २००० मध्ये कोच म्हणून. मुंबईही त्याच वाटेने गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेड कोच म्हणजे राजा. कानाला हेडफोन लावून मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि प्रत्येक चाल तिथून ठरते. तिकडच्या सुपर बोलच्या ट्रॉफीला नावसुद्धा एका कोचचं आहे, व्हिन्स लोम्बार्डी यांचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे बिल बेलिचिक २००० ते २०२३ एकाच खुर्चीत बसले आणि त्यांनी सहा सुपर बोल जिंकले. क्रिकेटचा कोच? मॅच सुरू झाली की तो बाराव्या गड्याच्या हाती पाण्याची बाटली आणि एक निरोप पाठवणार. तोही कॅप्टनने ऐकला तर! टीम निवडणार सिलेक्टर, मैदानात निर्णय घेणार कॅप्टन आणि हरल्यावर पेपरात फोटो कोचचा. वर त्याची नेमणूक करणाऱ्या कमिटीचं नावच आहे 'क्रिकेट सुधारणा समिती'. म्हणजे ४२ वेळा जिंकूनसुद्धा सुधारणेला वाव आहेच!

चंदू, प्रवीण आणि ती तीन हरलेली मॅच

या खुर्चीचा आपल्या पिढीला आठवणारा इतिहास सुरू होतो चंद्रकांत पंडित यांच्यापासून. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ वन-डे खेळलेला विकेटकीपर. मैदानावरचा चंदू, ड्रेसिंग रूममधले पंडित सर. त्यांच्या हाताखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. शिस्त एकदम मिलिटरी. उशिरा आलेल्याला माफी नाही, मग तो कितीही मोठा असो.

पुढे आले प्रवीण आमरे. कसोटी पदार्पणात डर्बनला शतक ठोकणारा हा माणूस स्वभावाने वेगळा. ओरडण्यापेक्षा नेटमागे उभा राहून एखाद्याच्या पायांच्या हालचालीवर तासन् तास काम करणारा. २००६-०७ च्या सीझनमध्ये अमोल मुझुमदार कॅप्टन, आमरे कोच आणि मुंबई पहिल्या तीनही मॅच हरली! कट्ट्याकट्ट्यावर मुंबई क्रिकेटचं तेरावं घातलं गेलं. त्याच टीममध्ये रोहित शर्मा नावाचा एक नवा पोरगा होता, त्याच्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्षही नव्हतं. मग गाडी अशी काही रुळावर आली की मुंबई थेट सेमीफायनलला. तिथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात स्कोअर किती? शून्यावर पाच! टायपिंगची चूक नाही. एकही रन नाही आणि पाच आऊट. तरीही ती मॅच मुंबई जिंकली आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही.

आमरेंच्या काळात आणखी दोन आले, २००८-०९ आणि २००९-१०. यातला शेवटचा म्हणजे थ्रिलर. म्हैसूरला कर्नाटकविरुद्ध अवघ्या सहा धावांनी जिंकलेली फायनल. २०१२-१३ मध्ये सुलक्षण कुलकर्णी कोच होते आणि अजित आगरकर कॅप्टन. सौराष्ट्रला वानखेडेवर तीन दिवसांत एका डावाने लोळवून मुंबईने ४० वा करंडक उचलला.

आणि लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, त्याच वानखेडेवर क्वार्टर फायनलमध्ये मुंबईला घरी बसवलं... महाराष्ट्राने!

भुसावळ जंक्शन

ही बातमी वाचून आम्ही खान्देशातली मंडळी जाम खुश झालो होतो, हे इथे नमूद करायलाच हवं. बाहेरच्या लोकांना अजून कळत नाही, म्हणून सांगतो. एका राज्यात रणजीच्या टीम तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. जळगाव, धुळे, नंदुरबारचा पोरगा कितीही भारी खेळला तरी तो पुण्याहून चालणाऱ्या 'महाराष्ट्र' टीमचा. या टीमने करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, त्यानंतर थेट प्रतीक्षा. २०१३-१४ ला सुरेंद्र भावे कोच असताना टीम फायनलपर्यंत गेली आणि कर्नाटककडून हरली, तेवढाच अलीकडचा आनंद. त्यामुळे आमच्याकडे क्रिकेटवेडा माणूस मुंबईच्या भानगडी शेजारच्या घरातल्या भांडणासारख्या बघतो. भिंतीला कान लावून, आणि थोडा खुशीत!

भिंत म्हणजे अक्षरशः रेल्वे लाइन. वरणगावला जाऊन बघा. ऑर्डनन्स फॅक्टरीचं गाव, बंदुकीच्या गोळ्या बनवणारं. छोटं स्टेशन आणि बहुतेक मेल-एक्स्प्रेस न थांबता धडधडत पुढे जातात. मुंबईहून निघालेली गाडी भुसावळला येते आणि तिथे रूळ फुटतात. एक फाटा वरणगाव, मलकापूर, अकोला करत नागपूरला, म्हणजे विदर्भात. दुसरा रावेर, बुऱ्हाणपूर, खंडवा करत मध्य प्रदेशात.

२०१७ नंतरचं चंद्रकांत पंडित यांचं करिअर समजून घ्यायला याच्याइतका सोपा नकाशा नाही.

झालं असं. २०१४-१५ मध्ये खुर्चीत पुन्हा आमरे होते. डिसेंबरात जम्मू-काश्मीरने वानखेडेवर येऊन मुंबईला हरवलं आणि गहजब झाला. पुढच्या सीझनला पंडित परत आले आणि आल्या आल्या २०१५-१६ चा करंडक, ४१ वा. श्रेयस अय्यरने त्या सीझनमध्ये १३२१ धावा कुटल्या. २०१६-१७ मध्ये मुंबई पुन्हा फायनलला. इंदूरला गुजरातपुढे ३१२ चं टार्गेट होतं. रणजी फायनलमध्ये तोवर एवढा पाठलाग कुणी केला नव्हता. पार्थिव पटेलने १४३ ठोकले आणि गुजरातने पहिल्यांदाच करंडक नेला.

आता विचार करा. दोन वर्षांत एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. कुठल्याही ऑफिसात यावर प्रमोशन मिळेल. मुंबईने पुढच्या सीझनसाठी नवा कोच नेमला.

पंडित यांनी भुसावळहून पहिला फाटा धरला. वरणगावचा. २०१७-१८ ला ते विदर्भाचे कोच झाले. विदर्भ ही तोवर कधी रणजीची फायनलही न खेळलेली टीम. कॅप्टन फैज फझल, सोबत मुंबईहून आलेला वासिम जाफर, आणि रजनीश गुरबानी नावाचा इंजिनियर झालेला फास्ट बोलर. फायनल पुन्हा इंदूरला, वर्षभरापूर्वी जिथे पंडित हरले त्याच मैदानावर. गुरबानीची हॅट्ट्रिक, दिल्ली गारद, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ चॅम्पियन. लोक म्हणाले फ्लूक. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्रला हरवून विदर्भाने पुन्हा करंडक घेतला. फ्लूक दोनदा होत नसतो, भाऊ!

मग दुसरा फाटा. मध्य प्रदेश. या टीमशी पंडित यांचा जुना हिशेब होता. १९९९ च्या फायनलमध्ये ते मध्य प्रदेशचे कॅप्टन होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी कर्नाटककडून मॅच गमावली होती. २०२० मध्ये ते कोच म्हणून तिथे गेले. शिस्तीचे किस्से पुन्हा सुरू झाले. कॅप्टन आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी मिळालेली सुट्टी म्हणे दोन दिवस! आपल्याकडे तेवढ्यात हळदसुद्धा नीट उतरत नाही.

जून २०२२. फायनल चिन्नास्वामीवरच आणि समोर मुंबई. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशने ५३६ ने उत्तर दिलं आणि सहा विकेट राखून मॅच मारली. २३ वर्षांनी त्याच मैदानावर पंडित यांना खांद्यावर घेतलं गेलं, त्यांचे डोळे वाहत होते. आणि मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये कोचच्या खुर्चीत बसला होता २००६-०७ चा तो कॅप्टन. अमोल मुझुमदार.

सहा वर्षं, सहा नावं

अमोलपर्यंत येण्याआधी मधला ट्रॅफिक बघून घेऊ. २०१७ ते २०२३ या सहा वर्षांत खुर्चीत सहा जण बसले. समीर दिघे यांच्या वाट्याला मुंबईची ५०० वी रणजी मॅच आली आणि पाठोपाठ नागपूरला कर्नाटकने एका डावाने दिलेला दणका. एका सीझननंतर ते बाजूला झाले. विनायक सामंत यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये विजय हजारे करंडक जिंकून दिला, पण रणजीत दोन्ही वर्षं साखळीतच गाडी अडली. २०१९ च्या डिसेंबरात तर रेल्वेने वानखेडेवर १० विकेटने हरवलं. अमित पागनीस जानेवारी २०२१ च्या टी-ट्वेंटी स्पर्धेपुरते टिकले. पाचपैकी चार मॅच गेल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. रमेश पोवार आले, दोन महिन्यांत विजय हजारे करंडक जिंकला आणि मे महिन्यात भारतीय महिला टीमचे कोच होऊन गेले. वर त्या वर्षी कोविडमुळे रणजी झालीच नाही. करंडक सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच असं घडलं.

एवढी माणसं बदलली, पण यातली गोम वेगळीच आहे. पंडित, आमरे, मुझुमदार, पोवार हे सगळे एकाच माणसाचे विद्यार्थी. शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर सर. नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवणारे, स्कूटरवर पोराला बसवून एका मॅचवरून दुसऱ्या मॅचला नेणारे. स्वतः आचरेकर सर कधी या हॉट सीटच्या फंदात पडले नाहीत. पण माणूस कुठलाही नेमा, आतला फंडा बहुतेक वेळा शिवाजी पार्कचाच! माझं वैयक्तिक मत विचाराल तर मुंबईने कोच बदलले असं म्हणण्यापेक्षा एकाच घरातल्या भावांना आळीपाळीने दारात उभं केलं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

ओंकार साळवी हा मात्र या सगळ्यात हटके. वेगवान गोलंदाज आविष्कार साळवीचा भाऊ. मोठ्या पातळीवर खेळलेली मॅच किती? एक. लिस्ट-ए, तीही रेल्वेकडून. ज्या ड्रेसिंग रूममध्ये कसोटीची कॅप नसलेल्याचं ऐकून घ्यायला वेळ लागतो, तिथे २०२३ मध्ये हा माणूस कोच झाला आणि पहिल्याच सीझनला, मार्च २०२४ मध्ये, ४२ वा करंडक आला. आठ वर्षांच्या दुष्काळानंतर.

तो सीझन म्हणजे जुन्या कोचांचं गेट-टुगेदरच होतं. सेमीफायनल तमिळनाडूशी, बीकेसीच्या मैदानावर. तमिळनाडूचे कोच कोण? मुंबईला ४० वा करंडक जिंकून देणारे सुलक्षण कुलकर्णी! ढगाळ सकाळी टॉस जिंकून त्यांच्या कॅप्टनने बॅटिंग घेतली, टीम कोसळली, मुंबई एका डावाने जिंकली. मी मुंबईचा आहे, मला इथली हवा कळते, बोलिंगच घ्यायला हवी होती, अशा अर्थाचं कुलकर्णी पत्रकारांसमोर बोलून गेले. खरं बोलले, पण कॅप्टनला उघड्यावर पाडून बोलले. तमिळनाडूने काही दिवसांत त्यांना निरोप दिला. फायनल वानखेडेवर विदर्भाशी झाली आणि ती मुंबईने १६९ धावांनी जिंकली. दोन महिन्यांनी केकेआरने आयपीएल मारली, तेव्हा त्यांच्या डगआऊटमध्ये हेड कोच चंद्रकांत पंडित होते आणि त्यांच्या स्टाफमध्ये ओंकार साळवी. विदर्भानेही उधारी ठेवली नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सेमीफायनलला नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि पुढे तिसरा करंडक घेतला.

पॅड बांधून बसलेला माणूस

राहिला अमोल. त्याची गोष्ट मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रमची मॅच. सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून हा बसला होता. नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणातच २६०. फर्स्ट क्लासमध्ये ११,१६७ धावा. भारताकडून एकही मॅच नाही. त्या मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असताना जागा होणार तरी कुठून?

कोच म्हणून त्याने मुंबईला २०२२ मध्ये उत्तराखंडविरुद्ध ७२५ धावांचा विजय दाखवला. फर्स्ट क्लास क्रिकेटमधला धावांच्या फरकाने सगळ्यात मोठा. त्याच महिन्यात फायनलही हरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईने पहिल्यांदाच सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. पण रणजीत बाद फेरी हुकली आणि २०२३ च्या सीझनसाठी खुर्चीत साळवी आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोलला नवी जबाबदारी मिळाली, भारतीय महिला टीमची. भारताकडून न खेळलेला माणूस भारताला काय शिकवणार, हा प्रश्न तेव्हा मोठ्याने विचारला गेला.

२०२५ चा वर्ल्ड कप भारतातच होता. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड... लागोपाठ तीन पराभव. टीव्हीवर, सोशल मीडियावर कोचला काढा म्हणून ओरड सुरू झाली. पण तीन मॅच हरलेल्या ड्रेसिंग रूममध्ये सकाळी उठून काय करायचं असतं, हे त्या घोळक्यात एका माणसाला अनुभवाने ठाऊक होतं. सेमीफायनलला समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट ३३९. ब्रेकमध्ये अमोलने बोर्डावर एवढंच लिहिलं, की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त हवा. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली. ती मॅच झाली नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

२ नोव्हेंबरला, तिथेच, मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिण आफ्रिका २४६ वर संपली. भारत ५२ धावांनी जिंकला. सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, कुणी रडत होतं, कुणी झेंडा शोधत होतं. कॅप्टन हरमनप्रीत त्या गर्दीतून निघाली, अमोलपाशी आली आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्याने तिला उठवलं आणि दोघं बराच वेळ तसेच मिठी मारून उभे राहिले.